आठ नंबरची सुई आणि जावेचं बाळ

प्रिय ताई,

मी गोव्यात डिचोलीला राहते, वय ३८. माझी धाकटी जाऊ सहाव्या महिन्यात आहे, डिसेंबरच्या शेवटची तारीख दिली आहे. महिन्यापूर्वी तिनं मला फोनवर बाळाच्या जॅकेटचा एक मोफत पॅटर्न पाठवला, अमेरिकेतला. ‘वहिनी, हे विणशील?’ म्हणाली. विणकाम मी शाळेत शिकले होते, त्यानंतर वीस वर्षं सुई हातात धरली नव्हती. हौसेनं फिकट पिवळी बेबी वूल आणली, पॅटर्नमध्ये लिहिल्याप्रमाणे ८ नंबरच्या सुया आणल्या आणि तीन महिन्यांच्या बाळाचं माप धरून गळ्यापासून सुरुवात केली. बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढून ठेवले, खाली अंगाचा भाग चार बोटं झाला, तेव्हा लक्षात आलं की हे बाहुलीला होईल. छाती साधारण ४७ सेंटिमीटर यायला हवी, ती साडेछत्तीस भरते. टाके तीनदा मोजले, एकही चुकलेला नाही. सगळं उसवू का? मोफत पॅटर्न असेच असतात का? पॅटर्न सोबत जोडला आहे.

आणखी एक. सासूबाई म्हणतात, बाळ व्हायच्या आधी काही करून ठेवायचं नसतं, आणि करायचंच तर लेकुरवाळीनं करावं. मला मूल नाही. विणू की ठेवून देऊ?

एक वाचक, डिचोली

---

बाय,

आधी सुईचं सांगते, कारण तुझा एकही टाका चुकलेला नाही हे तुला आधी कळायला हवं. तू वीस वर्षांनी सुया हातात घेऊन गळ्यापासून बाह्यांपर्यंत बरोबर आलीस. गोंधळ झाला तो त्या ‘८’ आकड्यामुळे.

आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या सुयांवर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे नंबर असतात. त्यात नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची, १२ नंबरची पावणेतीनची. अमेरिकेत नेमकं उलट चालतं, नंबर वाढला की सुई जाड होते. तुझ्या पॅटर्नमधली ८ नंबरची सुई अमेरिकन आहे, म्हणजे ५ मिलिमीटरची. तू आणलेली आपली ८ नंबरची ४ मिलिमीटरची. गंमत अशी की तिकडची ८ म्हणजे आपली ६, आणि आपली ८ म्हणजे तिकडची ६. दोघींचा नंबर जुळतो तो फक्त ७ ला, दोन्हीकडे साडेचार मिलिमीटर. म्हणून परदेशी पॅटर्न हातात घेतलास की नंबर विसरायचा आणि मिलिमीटर शोधायचे. तुझ्या पॅटर्नमध्येही ते आहेत, पहिल्या पानावर सामानाच्या यादीत नंबराच्या शेजारी बारीक अक्षरांत. तू नंबर ओळखीचा दिसला म्हणून तिथेच थांबलीस. कोणीही थांबलं असतं.

दुसरा फरक लोकरीचा. पॅटर्न ज्या धाग्यासाठी लिहिलाय तो तिकडे ‘वर्स्टेड’ म्हणतात तसा, आपल्या बेबी वूलपेक्षा बराच जाड. जाड धागा, जाड सुई, म्हणून त्यांचे १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसतात. तुझा बारीक धागा आणि बारीक सुई. साडेछत्तीस सेंटिमीटर भरतंय म्हणतेस, त्यावरून तुझे १० सेंटिमीटरमध्ये २३ टाके बसत असणार, पट्टी लावून बघ. अंगाचे टाके ८४. १८ च्या हिशेबानं ते ४६.७ सेंटिमीटर होतात, २३ च्या हिशेबानं ३६.५. मोजपट्टीनं तुला अचूक उत्तर दिलं होतं.

आता उसवायचं का? नाही.

तू केलंयस ते तीन महिन्यांच्या बाळाचं फसलेलं जॅकेट नाही, नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं बरोबर मापाचं जॅकेट आहे. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची छाती साधारण ३० ते ३३ सेंटिमीटर असते. आत सुती झबलं, वरून साडेछत्तीसचं जॅकेट, व्यवस्थित बसेल. बाहीचा घेरही त्याच प्रमाणात लहान झालाय, म्हणजे नवजात हाताला पुरेसा. समोरून उघडं आहे हे तर फार बरं, कारण या वयात बाळाचं डोकं छातीपेक्षा थोडं मोठं असतं आणि डोक्यातून कपडा घालताना आईचे हात थरथरतात. फक्त इथून पुढे पॅटर्नमधले लांबीचे आकडे बघू नकोस. काखेपासून खाली १३-१४ सेंटिमीटर झालं की दोन बोटं रिब (एक सुलट, एक उलट) विणून टाके सैल बंद कर. बाही काखेपासून मनगटापर्यंत १३ सेंटिमीटर पुरे. चार संध्याकाळी लागतील. ते महिनाभर अंगावर राहील, फार तर सहा आठवडे. दवाखान्यातून घरी येताना, पहाटे गारठ्यात बाहेर आणताना. मग पेटीत जाईल.

पण जे जॅकेट बाळ जास्त दिवस वापरेल ते तुला वेगळं विणावं लागेल, आणि ते कधी लागणार याचा विचार केलास का? मीही पूर्वी केला नव्हता. माझ्या भाच्यासाठी मी एका परदेशी मासिकातला नमुना बघून जाड लोकरीचं जॅकेट विणलं होतं. फार सुंदर झालं होतं, खांद्यावर वेणी, गळ्याला पट्टी. मूल मार्चमध्ये झालं. कौतुकानं बारशाला घातलं, तासाभरात पोर लालबुंद, दुसऱ्या दिवशी पाठभर घामोळं. वहिनी काही बोलली नाही, पण ते जॅकेट परत मी कोणाच्या अंगावर बघितलं नाही. नमुना वाईट नव्हता, तो ज्या गावासाठी लिहिला होता तिथे मार्चमध्ये बर्फ असतं.

तुझ्या जावेचं बाळ डिसेंबरअखेर जन्मणार. तुमच्या डिचोलीकडे, सत्तरीकडे पहाटेचा गारवा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, तोवर बाळ दीड महिन्याचं. तिथे तुझं पिवळं छोटं जॅकेट उपयोगी पडेल. मग मार्च ते मे, त्या दिवसांत झबलंसुद्धा नको वाटतं. आणि जूनमध्ये पाऊस लागला की बाळ असेल साडेपाच महिन्यांचं. आपल्याकडे लहान मुलाला खरं अंगभर काही लागतं ते पावसात: दिवसभर ओल, दारातून येणारा वारा, खिडकीतून तुषार, भिंतीसुद्धा घामेजलेल्या. थंडी नसते, पण गार ओलसरपणा असतो. म्हणून गोव्यात बाळाचं जॅकेट विणायचं तर पावसासाठी विणावं असं मी आता सगळ्यांना सांगते. माप सहा ते नऊ महिन्यांचं, धागा सुती.

सुती का, ते धाग्यालाच विचार. लेबल हरवलेला धागा असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धर, न्हाणीघरात ओल्या फरशीवर उभी राहा आणि काडी लाव. सुती धागा कागदासारखा जळतो, मागे राखाडी राख उरते. अस्सल लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि ज्योत काढली की विझते. अॅक्रिलिक वितळतं, टोकाला काळा कडक मणी होतो. तो मणी गार झाल्यावर नखानं दाबून बघ, फुटत नाही. आपल्या घरात बाळंतिणीची शेगडी असते, बाळाला धुरी देतात, बारशाला समया पेटलेल्या असतात. अॅक्रिलिक घातलेलं बाळ त्यांच्या जवळ नेऊ नये. तुझं पिवळं जॅकेट अॅक्रिलिक असणार, बाजारातली बहुतेक बेबी वूल तशीच असते. म्हणून सांगून ठेव: शेगडी-धुरीच्या वेळी ते काढून ठेवायचं. (आणि धुरीचा धूर कोंडलेल्या खोलीत बाळाच्या छातीला चांगला नाही, हे माझं जुनं मत आहे, संधी मिळेल तिथे मी ते बोलते.) सुतीही पेट घेतं, तेव्हा दिव्यापासून अंतर दोन्हीला हवंच, पण सुती वितळून कातडीला चिकटत नाही. आणि घाम शोषून घेतं, अॅक्रिलिक शोषत नाही. घामोळं तिथेच उठतं.

दुकानात ‘मिल्क कॉटन’ म्हणून छान मऊ धागा दाखवतील. त्यात पुष्कळदा अॅक्रिलिकही मिसळलेलं असतं, लेबल वाचून घे. क्रोशाचा सुती धागा सगळीकडे मिळतो पण तो फार बारीक, जॅकेट विणायला सहा महिने जातील. तुला हवा तो मध्यम जाडीचा, तुझ्या ४ मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाक्यांच्या आसपास बसणारा. लेबलावर सुईच्या चित्राशेजारी मिलिमीटर लिहिलेले असतात. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलीस तर मोठ्या फॅन्सी स्टोअरमध्ये विचार. दीडशे ते दोनशे ग्रॅम एकदमच घे आणि सगळ्या गोळ्यांवर लॉट नंबर, म्हणजे रंगवलेल्या खेपेचा नंबर, एकच आहे ना ते तपास. दुसऱ्या लॉटचा पांढरा आणि पहिल्या लॉटचा पांढरा दुकानातल्या दिव्याखाली सारखा दिसतो, अंगणात उन्हात नाही.

सुतीचे दोषही सांगते. ते जड असतं, ताणलं की लोकरीसारखं परत येत नाही, आणि पावसात वाळायला माझ्या घरी दोन दिवस लागतात. म्हणून वेणी, जाड नक्षी, दुहेरी पट्ट्या काही घालू नकोस. साधी सुलट-उलट वीण, कडेला चार-सहा ओळी नुसत्या सुलट. हलकं राहील, लवकर वाळेल.

आता मापासाठी आधी विणून बघायचा तुकडा. हे वाचून तुला कंटाळा येईल हे मला माहीत आहे, तरी यावर मी अडून बसणार आहे. आणलेल्या धाग्याचे ३४ टाके घाल आणि १५ सेंटिमीटरचा चौकोन विण. तो धू, जसं जॅकेट धुतलं जाणार तसंच, त्याच साबणानं, पिळून टॉवेलमध्ये दाबून आडवा वाळव. पूर्ण वाळल्यावर मधोमध १० सेंटिमीटर पट्टी ठेव, दोन टाचण्या टोच आणि मधले टाके मोज. कडेचे धरू नकोस, ते सैल असतात. अर्धा टाका आला तर अर्धा लिही, टाकून देऊ नकोस. १०० टाक्यांचं अंग २० च्या हिशेबानं ५० सेंटिमीटर होतं आणि २२ च्या हिशेबानं साडेपंचेचाळीस. दोन टाक्यांचा फरक, आणि बाळाचं एक अख्खं माप कमी होतं.

समज तुझे २२ आले. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाला वरून घालायच्या जॅकेटची छाती ५० सेंटिमीटर हवी. २२ गुणिले ५, म्हणजे ११० टाके. आता तोच पॅटर्न उघड, पण वयाच्या रकान्याकडे बघू नकोस. बाह्या वेगळ्या केल्यावर अंगाचे टाके किती राहतात ते प्रत्येक मापाचं बघत जा. तुझ्या पॅटर्नमध्ये चार वर्षांच्या मापात ११२ आहेत. मग तू चार वर्षांच्या मापाचे टाके घालायचेस. त्यांच्या १८ च्या हिशेबानं ते ६२ सेंटिमीटर होतात, तुझ्या २२ च्या हिशेबानं जेमतेम ५१. खांद्याची उंचीही आपोआप बसते: त्यांच्या ३६ ओळी तिकडे १५ सेंटिमीटर होतात, तुझ्या १० सेंटिमीटरमध्ये ३० ओळी आल्या तर त्याच ३६ ओळी १२ सेंटिमीटर. सहा-नऊ महिन्यांच्या बाळाला तेवढंच लागतं. टाके मोठ्या मापाचे, लांबी मात्र सहा महिन्यांची, ती सेंटिमीटरमध्येच मोजायची. एवढं कळलं की कुठलाही पॅटर्न कुठल्याही धाग्यात विणता येतो.

आणि हो, चार वर्षांच्या मापाचे टाके खांद्याशी पोचतात तेव्हा दोनशेच्या वर जातात. सरळ सुईवर ते दाटीवाटीनं बसतील आणि टोकावरून निसटतील. केबलवाली गोल सुई घे, ४ मिलिमीटर, ६० किंवा ८० सेंटिमीटर लांब. गोल विणायचं नाही, सरळ सुयांसारखंच एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. वजन मांडीवर येतं, मनगट दुखत नाही.

मोफत पॅटर्न फसवे असतात का, हे तू विचारलंस. नसतात. धाग्याच्या कंपन्या त्यांचा धागा खपावा म्हणून पॅटर्न मोफत देतात, आणि त्यातले कितीतरी चांगले तपासलेले असतात. काही बायका आपल्या मुलासाठी विणलेलं सगळ्यांना देतात, त्यात प्रेम भरपूर आणि कधीकधी एखादा आकडा चुकलेला. पैसे न देता मिळालाय म्हणून मी कधी पॅटर्नला नावं ठेवणार नाही. पण विणायला घेण्याआधी तीन गोष्टी त्यात आहेत का बघ: १० सेंटिमीटरमधले टाके आणि ओळी, तयार कपड्याची मापं, आणि चूक-दुरुस्तीची नोंद. टाक्यांचा हिशेबच दिलेला नसेल तर तो पॅटर्न कितीही गोंडस फोटोचा असो, सोडून दे. पुढेमागे जॅकेटं विणून विकायची झाली तर मात्र पॅटर्नवर काय लिहिलंय ते वाच. पुष्कळ जणी घरच्यासाठी मुभा देतात, विक्रीसाठी विचारावं लागतं.

वाचायची पद्धत थोडी सांगते, तू शाळेत शिकलीस तेव्हा बाई तोंडी सांगत असणार. ‘के’ म्हणजे सुलट, ‘पी’ म्हणजे उलट. ‘के टू टॉग’ म्हणजे दोन टाके एकत्र सुलट विणून एक करायचा. ‘वाय ओ’ म्हणजे सुईवरून धागा घेऊन टाका वाढवायचा, तिथे भोक पडतं. काजं तशीच करतात. अमेरिकन आणि ब्रिटिश लिहिण्यात विणकामात फारसा फरक पडत नाही, क्रोशात पडतो. तिकडचं ‘सिंगल क्रोशे’ ते इकडचं ‘डबल क्रोशे’. जाऊ पुढच्या वेळी क्रोशाची टोपी मागेल तेव्हा हे लक्षात ठेव.

कंसातले आकडे तुला माहीत आहेत, पहिला सगळ्यात लहान मापाचा, पुढचे कंसात. पॅटर्न छापून घे आणि सुरुवातीलाच पेन्सिलीनं आपल्या मापाच्या आकड्याला सगळीकडे गोल कर, शेवटच्या ओळीपर्यंत. रात्री दहा वाजता, दिवसभराच्या कामानंतर, डोळे नको त्या कंसात जातात. आणि दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘ॲट द सेम टाइम’ लिहिलंय, त्याच्याखाली लाल रेघ मार. त्याचा अर्थ, वर सांगितलेलं खांद्याचं वाढवणं चालू असतानाच काजंही करत जायची आहेत. पुष्कळ जणी आधी खांदा पूर्ण करतात, मग खाली वाचतात, आणि तीन काजं राहून गेलेली असतात.

बाळासाठी म्हणून काही गोष्टी. जाळीची नक्षी नको, बाळाची बोटं भोकांत अडकतात. आतल्या बाजूला धाग्याची टोकं सुटी ठेवू नकोस, सुईनं दोन्ही दिशांना ओवून टाक. सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला तर रक्त थांबतं आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही. गळ्याशी नाडी नको, गोंडे नकोत. झोपताना जॅकेट आणि टोपी काढायला जावेला सांग. बाळ फार गरम होऊन झोपणं धोक्याचं असतं. हात-पाय गार लागले म्हणून थर वाढवू नयेत, मानेमागे हात लावून बघावा. तिथे ऊब असेल तर पुरे, घाम असेल तर एक कपडा कमी. बाळ दिवसाआधी किंवा कमी वजनाचं झालं तर मात्र ऊब किती ते डॉक्टर सांगतील तसं.

आता तुझं शेवटचं वाक्य.

बाळ व्हायच्या आधी काही करू नये, हे मी माझ्या आईकडूनही ऐकलंय. ज्या घरांनी पाळणा आणून ठेवला आणि रिकामा परत दिला, त्या घरांतून हे आलंय. पूर्वी अशी घरं फार होती. म्हणून पहिले दिवस आजीच्या जुन्या लुगड्याची, आजोबांच्या धोतराची झबली. ती मऊही असतात आणि त्यासाठी आधी काही करावं लागत नाही. सासूबाईंच्या त्या भीतीला मी हसणार नाही, तूही हसू नकोस. त्यांना सांग, जॅकेट पूर्ण करणार नाही, बटणं बाळ झाल्यावर लावीन, तोवर ते माझ्या कपाटात. आणि त्यांचंच एखादं जुनं मऊ सुती लुगडं झबल्यांसाठी मागून घे. देतील.

पण लेकुरवाळीचं बोलणं वेगळं आहे. ते ऐकून मला राग आला, आणि तुझ्यासाठी वाईट वाटलं. तू ते पत्रात एका ओळीत लिहिलंस, त्यावरून ते तुला किती वेळा ऐकावं लागलं असेल याचा अंदाज येतो.

मला विणायला आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंनी शिकवलं. आम्ही त्यांना टिया म्हणायचो, म्हणजे मावशी. लग्न केलं नव्हतं. बलकांवात, म्हणजे घरापुढच्या सोप्यात, बसून विणायच्या, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, पायाशी धाग्याची टोपली. वाड्यावर कोणाकडे बाळ येणार कळलं की टियांची सुई सुरू व्हायची, त्यांच्याकडचं असो की आमच्याकडचं. माझे दोन्ही भाऊ आणि मी त्यांच्या मोज्यांत वाढलो. आमच्या आजीला सोवळं-ओवळं फार, पण टियांकडून मोजे आले की ती स्वतः उठून दारापर्यंत जायची आणि दोन्ही हातांनी घ्यायची. टियांच्या मांडीवर कोणाचं मूल नव्हतं याचा उल्लेख मी त्या वाड्यात कधी ऐकला नाही. कोणाच्या मनात आलंही असेल. बोलायची हिंमत कोणाची नव्हती, कारण सगळ्यांची पोरं त्यांनी विणलेलं घालून फिरत होती.

तुझ्या जावेनं पॅटर्न तुला पाठवला. तिला आई आहे, बहिणी असतील, बाजारात तयार जॅकेटं ढिगानं आहेत. तिनं तुला विचारलं. ज्या बाईच्या पोटात बाळ आहे तिची मागणी आहे, आणि या बाबतीत मी तिचंच ऐकेन. सासूबाई पुन्हा बोलल्या तर तुला एकटीला उत्तर द्यायला नको. जावेला सांग, तिनंच त्यांच्यासमोर म्हणावं, ‘मीच सांगितलंय वहिनीला.’ तेवढं एक वाक्य तिच्याकडून माग. मागायला संकोच करू नकोस. तुझ्या नवऱ्यानंही एकदा आईशी बोलायला हरकत नाही, पण घाईघाईत, जेवणाच्या पानावर नको.

आणि विणताना तुलाच जड वाटलं, एखाद्या संध्याकाळी पिवळी बाही हातात घेऊन रडू आलं, तर सुया खाली ठेव. दुसऱ्या दिवशी उचल किंवा आठवड्यानं उचल. जावेला खरं कारण सांगितलंस तरी चालेल. तिला कळेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

मुलगा की मुलगी ते आपल्याकडे आधी कळत नाही, कायद्यानं कळवायचंही नसतं, तेव्हा दुसऱ्या जॅकेटला रंग पिवळा, पिस्ता किंवा नुसता पांढरा-दुधी घे. काजं कुठल्या बाजूला याचाही विचार नको, बाळाला फरक पडत नाही. बटणं चपटी घे, चार भोकांची, नखाएवढी. उंच गोल बटणं पालथं पडल्यावर छातीला टोचतात, आणि बाळ दात यायच्या दिवसांत ती तोंडात घेतं. पक्क्या दोऱ्यानं, आतल्या बाजूला कापडाचा लहान तुकडा धरून शिव आणि शिवून झाल्यावर जोरानं ओढून बघ. छोट्या जॅकेटला तीन पुरे, मोठ्याला पाच. आत्ता आणून ठेव, डबीत राहू देत. बाळ झाल्यावर शिव.